एका दिवसाचा खंड

ताईच्या कपाटात खालच्या कप्प्यात साडीच्या दुकानातली एक जाड पिशवी आहे. तिच्यात चौदा कागद आहेत. सगळ्यांवरचा मजकूर एकच, फक्त तारखा वेगळ्या. नेमणूक निव्वळ कंत्राटी स्वरूपाची, मुदत अकरा महिने, मुदत संपताच सेवा आपोआप संपुष्टात, सेवेत कायम होण्याचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. प्रत्येक आदेशाला स्टॅम्पपेपरवरचं हमीपत्र टाचलेलं आहे आणि त्याखाली ताईची सही आहे. पहिल्या तीन सह्यांत माहेरचं आडनाव आहे, चौथ्यापासून सासरचं.

ताई एका सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. रक्त काढायचं, स्लाइड करायच्या, थुंकीचे नमुने तपासायचे, रिपोर्ट लिहायचे. अकरा महिने भरले की तिला एक दिवसाचा ‘ब्रेक’ पडतो. कागदोपत्री त्याला तांत्रिक खंड म्हणतात. त्या दिवशी मस्टरवर तिचं नाव नसतं, पण तापाचा पेशंट काही तिचा ब्रेक संपण्याची वाट बघत नाही. तेव्हा साहेबांचा निरोप येतो, ‘‘मॅडम, येऊन जा. सही उद्यापासून करा.’’ आजवरच्या तेराही खंडांत ती कामावर गेली. जवळजवळ तेरा वर्षांच्या नोकरीत कागदावर ती फक्त तेरा दिवस नव्हती, आणि नेमक्या त्या तेरा दिवसांच्या जोरावर तिला दरवेळी सांगितलं जातं, की तुमची सेवा सलग नाही.

हे खरं आहे का? मला हा प्रश्न ताईनं विचारला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना लक्षात आलं, की ताईसारखी माणसं घरोघरी आहेत आणि बहुतेकांच्या डोक्यात कायद्याचं चित्र अर्धवट किंवा उलटं बसलेलं आहे. कुणाला वाटतं, २४० दिवस भरले की आपण परमनंट. कुणाला वाटतं, हमीपत्रावर सही केली, आता सगळं संपलं. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे माणसांचं नुकसान होतं.

आधी २४० दिवसांचं पाहू. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्याच्या २५-ब कलमानुसार आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल, तर ती एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. भरपगारी रविवार आणि सुट्ट्याही त्या मोजणीत येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं. आता हिशेब करून बघा. अकरा महिन्यांच्या करारात २४० दिवस आठव्या महिन्यातच ओलांडले जातात. एकोणतीस दिवसांच्या नेमणुका देऊन दर महिन्याला एक दिवस तोडला, तरी वर्षाला ३४८ दिवस होतात. म्हणजे अकरा महिन्यांच्या शेवटी पडणारा तो खंड या मोजणीला धक्काही लावत नाही. शिवाय कायद्यात आणखी एक वाक्य आहे, जे फार थोडे कामगार वाचतात. कामगाराचा दोष नसताना काम थांबलं, तर त्यामुळे सेवा खंडित होत नाही. आजारपण, मंजूर रजा आणि अपघात यांचंही तेच. ब्रेक ताईनं मागितला नव्हता.

कारखानदारांना हा हिशेब नीट ठाऊक आहे. म्हणून तर पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात टेम्पररी पोरांना सात महिन्यांसाठी घेण्याची पद्धत पडली. सात महिने म्हणजे २१० दिवसांच्या आसपास. २४० च्या आत थांबायचं, पोरगा गावी पाठवायचा आणि त्याच मशीनवर दुसरा उभा करायचा. आयटीआय झालेली मुलं अशी सात-सात महिने चार-पाच कंपन्यांत काढतात आणि तिशीला येतात, तेव्हा त्यांच्याकडे अनुभवाचे पाच दाखले असतात, नोकरी एकही नसते.

पण २४० दिवस भरल्यानं मिळतं काय? त्या कायद्यानं मिळत होतं ते संरक्षण असं होतं, की काढायचं तर एक महिन्याची नोटीस द्या आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्या. कायमपण आपोआप मिळत नव्हतं. त्यातही १९८४ च्या दुरुस्तीनं पळवाट ठेवली. ठरलेल्या मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, तर त्याला कामगारकपात म्हणायचं नाही. ही पळवाट सगळ्यांनाच उघडी नाही, हे ठरलं ते बेळगावच्या खटल्यात. दूरसंचार खात्यासाठी केबल टाकणाऱ्या, खांब उभारणाऱ्या रोजंदारी कामगारांना ‘प्रकल्प संपला’ म्हणून घरी पाठवलं होतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुदतीचा बचाव घ्यायचा तर काम खरोखर ठरावीक प्रकल्पाचं होतं, नेमणूक त्यापुरतीच होती आणि हे कामगाराला सुरुवातीलाच सांगितलं होतं, हे मालकानं सिद्ध करायला हवं.

महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातात मात्र याहून मोठं हत्यार आहे आणि ते त्याला माहीत नसतं, याची मला खंत वाटते. राज्याचा स्वतःचा कायदा आहे, १९७१ चा. नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. त्यातली सहावी बाब जणू ताईची पिशवी समोर ठेवून लिहिली आहे. बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून माणसं नेमायची, कायम कर्मचाऱ्याचा दर्जा आणि सवलती मिळू नयेत या हेतूनं वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, ही अनुचित प्रथा आहे. अशा तक्रारीवर औद्योगिक न्यायालय ती प्रथा बंद करण्याचा आणि कामगाराला कायम करण्याचाही आदेश देऊ शकतं.

यात अडचणीचा शब्द आहे ‘हेतू’. साहेबाच्या मनातलं कामगारानं कसं सिद्ध करायचं? याचं उत्तर पुण्याच्या एका टेकडीवर मिळालं. तळजईला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना पाचगाव-पर्वतीचं वन उद्यान ठाऊक असेल. सत्तरच्या दशकात वनखात्यानं तिथं झाडं लावायची योजना काढली. खड्डे खणणारे, रोपं जगवणारे मजूर वर्षानुवर्षं हंगामीच राहिले. त्यांनी आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या सामाजिक वनीकरणाच्या मजुरांनी याच सहाव्या बाबीखाली तक्रार केली. खात्याचं म्हणणं होतं, की वनसंवर्धन हे राज्याचं सार्वभौम काम आहे, आम्ही उद्योग नाही, आणि योजना तात्पुरत्या आहेत. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खात्याचे मुद्दे फेटाळले. माणसांना पाच-सहा वर्षं हंगामी म्हणून राबवलं, तर त्यांना कायमपणापासून दूर ठेवण्याचा हेतू त्यातूनच दिसतो, त्यासाठी वेगळा पुरावा मागायचं कारण नाही, असा त्या निकालाचा गाभा. ज्यांच्या हातांनी टेकडी हिरवी केली, त्यांच्या बाजूनं हा निकाल लागला, हे तिथं फिरताना मला दरवेळी आठवतं.

मग सगळ्यांनाच न्याय का मिळाला नाही? कारण १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल. कर्नाटक सरकारच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचं ते प्रकरण, आणि निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. सरकारी नोकरी म्हणजे सार्वजनिक संधी, ती जाहिरात, स्पर्धा आणि आरक्षण यांतून सर्वांना खुली हवी. मागच्या दारानं आत आलेला माणूस केवळ बरीच वर्षं राहिला म्हणून कायम होऊ शकत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. हा युक्तिवाद पोकळ नाही. एमपीएससीचा अभ्यास करत सदाशिव पेठेतल्या खोलीत वर्षं घालवणाऱ्या मुलाच्या बाजूनं बघितलं, तर संविधानाच्या १४ आणि १६ व्या अनुच्छेदांचा आधार त्यालाही आहे. पण पुढची अठरा वर्षं बहुतेक कार्यालयांनी उमादेवी निकालाची फक्त पहिली अर्धी बाजू वाचली. त्याच निकालाच्या ५३ व्या परिच्छेदात सांगितलं होतं, की मंजूर पदावर, पात्रता असताना, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराविना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काम केलेल्यांना एकदाची बाब म्हणून कायम करण्याची प्रक्रिया सहा महिन्यांत सुरू करा. निकालानं ‘अवैध’ आणि ‘अनियमित’ नेमणुकांत फरक केला होता. पात्रता नाही, पदच नाही, तर ती नेमणूक अवैध. पात्रता आहे, पद मंजूर आहे, फक्त निवडीची पद्धत पूर्ण पाळली नाही, तर ती अनियमित. कार्यालयांनी दोन्हींना एकाच मापानं मोजलं. आणि पुढची भरती वेळेवर करून कंत्राटी पद्धत थांबवण्याची जी अपेक्षा होती, ती तर कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

उमादेवीनंतर महाराष्ट्रातल्या मालकांनी कामगार न्यायालयांतही तोच निकाल पुढे करायला सुरुवात केली. एसटीच्या गाड्या झाडणाऱ्या-धुणाऱ्या कामगारांचं प्रकरण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा हा मुद्दा निकाली निघाला. उमादेवीनं उच्च न्यायालयांना आवर घातला आहे, १९७१ च्या कायद्यानं औद्योगिक न्यायालयाला दिलेले अधिकार काढून घेतलेले नाहीत, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. पद अस्तित्वात हवं, ही अट मात्र कायम राहिली. नवं पद निर्माण करा, असं न्यायालय मालकाला सांगू शकत नाही.

अलीकडे वारं आणखी बदललंय. २० डिसेंबर २०२४ चा ‘जग्गो’ निकाल वाचताना मला ताईच आठवत होती. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात झाडलोट आणि बागकाम करणारी काही माणसं, काही जण नव्वदच्या दशकापासून तिथं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका फटक्यात घरी पाठवली, आणि तीच कामं बाहेरच्या एजन्सीकडे दिली. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठानं त्यांना परत घेऊन कायम करायला सांगितलं. वर्षानुवर्षांच्या, गरजेच्या आणि नियमित कामाला ‘तात्पुरतं’ हे लेबल लावून ठेवणं चूक आहे आणि उमादेवीचा आधार असं शोषण झाकायला घेता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. पुढच्याच महिन्यात गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या बाबतीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही न्यायालयानं हाच सूर लावला.

हमीपत्राचं काय? नोकरी आणि उपासमार यांत निवड करायला लावून घेतलेल्या सहीचं वजन किती, याचा विचार न्यायालयानं १९८६ मध्येच केला होता. दोन पक्षांची ताकद इतकी विषम असते, की दुबळ्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, तेव्हा अन्यायकारक अटी लोकहिताविरुद्ध म्हणून बाद ठरू शकतात. ताईला मी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी सही करून चूक नाही केली?’’ तेरा वर्षं तिला वाटत होतं, की दोष तिचाच आहे.

कायम होणं न होणं राहू दे बाजूला. काही हक्क असे आहेत, की त्यांच्यासाठी कायम असण्याची अटच नाही, तरी लोक ते सोडून देतात. ग्रॅच्युइटीचं घ्या. १९७२ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षांची सलग सेवा झाली, की ती देय होते, आणि ‘सलग’ची व्याख्या वर सांगितली तशीच आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये आणि सेवा तेरा वर्षं धरली, तर २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १३, म्हणजे बरोबर दीड लाख रुपये. ‘तुम्ही कंत्राटी आहात, तुम्हाला लागू नाही’ हे वाक्य ऐकून हे दीड लाख किती जणांनी सोडले असतील! २०१८ मध्ये छत्तीसगडच्या जलसंपदा खात्यातल्या एका कर्मचाऱ्याची बावीस वर्षांची रोजंदारी ग्रॅच्युइटीसाठी धरायला सर्वोच्च न्यायालयानं लावली.

बायकांसाठी तर हे आणखी महत्त्वाचं. प्रसूतिलाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचं काम पुरतं. २६ आठवड्यांची भरपगारी रजा मध्येच करार संपला तर बुडते का? दिल्लीतल्या एका रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आलं, की बुडत नाही. लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही चालतो. ताईची धाकटी झाली तेव्हा चालू आदेश संपायला दोन महिने होते, म्हणून ती दीड महिन्यात परत कामाला लागली होती. तेव्हा हे कुणी सांगायला नव्हतं. समान कामाला समान वेतनाचंही तसंच. २०१६ मध्ये न्यायमूर्ती खेहर आणि नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या पीठानं निकाल दिला, की तेच काम करणाऱ्या हंगामी माणसाला नियमित वेतनश्रेणीचा किमान टप्पा मिळायला हवा.

आता या सगळ्याखालची जमीन हलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा कायदा, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा आणि कामगार संघटनांचा १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाले. मुदतीच्या नोकरीला तिनं उघड मान्यता दिली. चांगलं हे, की मुदतीच्या कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराएवढंच वेतन, तेवढेच तास, त्याच सोयी आणि एक वर्ष काम केलं की प्रमाणात ग्रॅच्युइटी. पाच वर्षांची वाट बघायची नाही. वाईट हे, की मुदत संपणं म्हणजे कामगारकपात नाही, हे तिनं पक्कं करून टाकलं, आणि मुदतीचे करार किती वेळा लागोपाठ करता येतील, यावर काहीच मर्यादा घातली नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून नियम आहे, की लागोपाठच्या करारांवर चार वर्षं झाली आणि मालकाला सबळ कारण दाखवता आलं नाही, तर तो माणूस कायम समजावा. आपल्या संहितेत असा एक आकडा घालायला काय अडचण होती, ते मला कळत नाही. मला ही संहितेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

एक दिलासा आहे. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवण्याची ती प्रथा संहितेच्या अनुचित प्रथांच्या यादीतही तशीच आहे, आणि संहितेनं रद्द केलेल्या तीन कायद्यांत आपला १९७१ चा कायदा नाही.

पण नुसत्या हक्काला कागदाशिवाय किंमत नसते. तक्रार अनुचित प्रथा घडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत करावी लागते, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. कायम न केल्याची तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते, कामावरून काढल्याची कामगार न्यायालयात. आणि ही तक्रार नोकरीत असतानाच करावी, असं मला दोन वकिलांनी वेगवेगळं, पण सारख्याच कळकळीनं सांगितलं. एकदा बाहेर काढलं, की आधी आत येण्यासाठी भांडावं लागतं, मग कायम होण्यासाठी. शिक्षकांना मात्र हा रस्ता नाही, कारण शिक्षक ‘कामगार’ नाहीत, असा गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये निकाल झालेला आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं.

पुरावा कुठे मिळतो? माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून कार्यालयाचा मंजूर आकृतिबंध मागता येतो. आपल्या संवर्गातली मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कधीपासून. पद रिक्त असून त्यावर वर्षानुवर्षं कंत्राटी माणूस बसवलेला आहे, हे एकदा कागदावर आलं, की अर्धी लढाई तिथंच झाली. नेमणुकीच्या वेळची जाहिरात, मुलाखतीचं पत्र, बँकेचं पासबुक, पीएफचा यूएएन, ड्युटीचे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं जपायला हवं.

हे सगळं मी ताईला एका रविवारी तिच्या ओट्यावर बसून सांगत होते. ती भाजी निवडत ऐकत होती. मध्येच उठली, हात पुसले आणि मोबाइल घेऊन आली. प्रयोगशाळेत नमुन्यांची नोंदवही असते, जाड पुठ्ठ्याची. आलेल्या प्रत्येक नमुन्याला क्रमांक, नाव, वय, तपासणी, निष्कर्ष आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं. तिनं मला एक फोटो दाखवला. पानावरची तारीख तिच्या शेवटच्या खंडाची होती, ज्या दिवशी मस्टरवर ती नव्हती. पानावर सत्तावीस नमुने होते, आणि सत्तावीसही ओळी तिच्याच अक्षरात होत्या.

‘‘आधीच्या बारा वह्या स्टोअरमध्ये आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘तारखा मला पाठ आहेत.’’